दिल्या-घेतल्याशिवाय जायचं नाही

दांगट सरांच्या घरातून रिकाम्या हातानं कुणी बाहेर पडत नाही. ऐकायला छान वाटतं, पण ते देतात तसं घेतातही. तुमच्या हातावर लिंबू ठेवतात आणि तुमच्या पेनाचं टोपण काढून घेतात. गॅसची टाकी आणणाऱ्याच्या शर्टाचं बटणसुद्धा त्यांनी सोडलं नाही. मी त्यांची शेजारीण, तळेघरच्या शाळेत मराठी शिकवते. माझ्या केसांच्या पिना आणि एक चांगली छत्री त्यांच्याकडे आहे. माझ्याकडे लिंबाचं लोणचं आहे.

कारण विचारलं की सर भातात शिरतात. जुन्नरच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर भातासाठी इथे येऊन राहिले. कणीस पानाच्या आवरणातच दडलेलं असतं, भात पोटरीत असतं, तेव्हा सर पहाटेच लोकांच्या खाचरांत उतरतात. बोटांनी पोटरी चाचपून कोवळं कणीस कापतात आणि औषधाच्या बाटलीत टाकतात.

"सर, आमच्या भाताची पोटं लई चाचपता राव!" सोमाकाका बांधावरून ओरडतात. "बाळंतपण बी तुमीच करनार काय?"

सर त्यांच्याही हातावर लिंबू ठेवतात.

"मॅडम, पराग तयार होताना गुणसूत्रं जोडीनं जवळ येतात," ते मला सांगतात. "एक आईकडचं, एक बापाकडचं. बिलगतात, आपापले तुकडे एकमेकांना देतात आणि मगच दोन टोकांना जातात. ज्यांचं देणं-घेणं होत नाही, ती भरकटतात. गवतालाही जी रीत कळते, ती माणसानं मोडायची?"

ही रीत सरांनी स्वतः एकदाच मोडली होती. त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, शरयूनं, स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं आणि सर लग्नाला गेले नाहीत. आई नसलेली पोर तशीच घरातून निघून गेली.

परवा ती आली. एक रात्र राहिली. भिंतीपलीकडून मला भांड्यांचा आवाज येत होता, बोलण्याचा नाही. सकाळी ती बॅग घेऊन माझ्या दारात आली. "मी निघते. नवऱ्याची बदली फार लांब झालीय. आता येणं कठीण आहे. बाबांकडे लक्ष ठेवा." डोळे सुजलेले होते. घाटातून एसटीचा हॉर्न ऐकू आला आणि ती स्टँडकडे चालू लागली.

मी तडक सरांकडे गेले. ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते.

"या, बघा. सगळ्या जोड्या बिलगल्यात. फक्त ही दोन शेजारी असून अलग पडलीत. आता कुठे जातील सांगता येत नाही."

"सर, शरयू निघाली."

"हो." डोळा तसाच, पण काच उगाचच पुढे-मागे सरकवत राहिले.

माझं डोकंच फिरलं. "त्या दोघांचं काय व्हायचं ते होऊ दे! इकडे तुमची चाललीय!"

सर उठले, स्टूल आडवं झालं. चिखलातून अनवाणी धावत सुटले, मागे मी. स्टँडवर एसटी घरघरत होती. त्यांनी शरयूची खिडकी पकडली. ती बघत राहिली. सरांनी एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला. जन्मभर लिंबं वाटणारा माणूस नेमका रिकाम्या हातानं आला होता.

"ओ सर, चढायचं आसंल तर चढा, न्हाईतर खिडकी सोडा!" कंडक्टर खेकसला आणि त्यानं घंटी ओढली.

सरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून खिडकीतून आत धरला. शरयूला हसू आलं की रडू, कळलं नाही. तिनं तो घेतला. मग आपला जांभळ्या काड्यांचा चष्मा काढून, वाकून, बापाच्या नाकावर बसवला. एसटी हलली.

तो चष्मा त्यांना कपाळाच्या दोन्ही बाजूंनी घट्ट होत होता. मला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. एसटी वळणाआड जाऊन बराच वेळ झाला तरी सर रस्त्यातच उभे होते.

"सर, दिसतंय का त्यातून काही?"

"दिसतेय ना," ते म्हणाले. "अजून दिसतेय."