पारूच्या घरातला धूर

भागाआजी रोज सकाळी रिकाम्या घरांत जाऊन भांडायची. एकदोन नव्हे, चांगल्या अकरा घरांत.

मी सोनईकडचा, सपाटीवरचा माणूस. बहात्तर सालच्या दुष्काळात माझी बदली झाली ती आमच्याच नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, डोंगरातल्या एका वाडीवर. एसटी खाली घाटाच्या पायथ्याशीच तोंड फिरवायची. मी कुणाचं काय घोडं मारलं होतं, देव जाणे! पोचलो त्या सकाळी झाडून सगळ्या छपरांतून धूर निघत होता. म्हटलं, चला, गाव नांदतं आहे. हजेरीपट काखेत मारला आणि पोरं गोळा करायला निघालो. पहिल्या घरात चूल धुमसत होती, माणूस नाही. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात एक म्हातारी चुलीपुढं उकिडवी बसून कुणाला तरी तावातावानं झापत होती.

"आजी, इथली पोरं कुठं आहेत?"

"कोपरगावाकडं. ऊस तोडाया."

"पोरं?"

"आयबाप गेलं, मंग पोरं हितं काय दगडं चावत्याल?"

"मग हा स्वयंपाक कुणाचा?"

"सैपाक कुठला, मास्तर? धूर हाय त्यो. धुराबिगर घर मरतं."

डोंगरातली घरं कुडाची आणि गवताची. रोज चुलीचा धूर लागला तर आढ्याला भुंगा लागत नाही, वाळवी चढत नाही. घर बंद राहिलं की वर्षा-दोन वर्षांत बसलंच. म्हणून ही बाई खापरीत निखारे घेऊन दारोदार फिरायची. माणसं नांदत होती ती चार घरांत. बाकीच्यांचा संसार हिच्या एकटीच्या गळ्यात. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही.

धूर धरेपर्यंत बसायचं, आणि बसल्या जागी तोंड गप्प कसं राहील? एका घरात अंगण न झाडता गेल्याबद्दल खरडपट्टी, दुसऱ्यात उसना नेलेला पाटा न दिल्याबद्दल. खरी जुंपायची ती पारूच्या घरात. पारू शेजारीण. दोघींच्या बांधावर हिरड्याचं एक झाड, आणि ते कुणाचं यावर तीस वर्षं भांडण. पारू दोन वर्षांपूर्वी लेकामागं खाली गेली, पण भांडण काही थांबलं नाही. आजी स्वतःचं बोलायची, मग आवाज बारीक करून पारूचंही बोलायची. कधीकधी पारूच जिंकायची! मग आजी दिवसभर घुश्शात.

"आजी, जरा तोंडाला विसावा द्या," मी एकदा म्हणालो.

"आन पारू आल्यावर काय करू? सवय मोडली तर हरंन की मी."

"येतंय कोण आता परत?"

बोलून गेलो खरा. आजी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "पाऊस पडला की येत्याल. घर उभं दिसलं तर मानूस येतं, मास्तर." माझी मलाच लाज वाटली.

चैत्रात पारूचा लेक दगडू आला. बरोबर तीन गडी. आजी खापरी हातात तशीच घेऊन धावली. "पारू मागं ऱ्हायली का रं? गुडघं धरत्यात तिचं."

दगडू सरळ छपरावर चढला आणि गवत खाली फेकायला लागला. कारखान्याच्या माळावर त्याला खोपट उभारायचं होतं, त्यासाठी लाकूड न्यायला आला होता. आढ्यावर बुक्की मारून मला म्हणाला, "बघा मास्तर, येक भुंगा न्हाई. मावशीनं लई राखलं." त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं मला.

"पारू कुठं हाय?" आजीनं पुन्हा विचारलं.

"आई गेली की, मावशे. पौषात."

"मला न्हाई सांगितलं."

"इतक्या वर सांगाया कोन येनार?"

आजी रडली नाही. आढं खाली उतरलं तेव्हा त्याला दोर बांधायला तिनंच हात लावला. "भिजवू नगा," म्हणाली. "रोज चूल पेटवा." गडी लाकूड खांद्यावर घेऊन घाट उतरले. मग ती माझ्याकडं वळली.

"तीन म्हैनं मी मेलेल्या बाईला शिव्या घातल्या, मास्तर."

ती घरात गेली आणि भरलेला हंडा घेऊन अंगणात आली. खालच्या कपारीतल्या झऱ्यापाशी पहाटेपासून बसून, वाटीवाटीनं भरलेला हंडा. दुसरं पाणी उद्याशिवाय नव्हतं.

"अहो आजी, प्यायचं पाणी आहे ते! शेजारणीचं कुठं सुतक असतं?"

"मंग कुनाचं असतं?" ती म्हणाली, आणि सगळा हंडा तिनं डोक्यावर ओतून घेतला.