मागच्या खोलीतला पक्षी बाहेर काढण्याबाबत

घर म्हणजे काय, याची निर्विवाद व्याख्या एकच आहे: कोणी आत यायचं आणि कोणी नाही, हे आतल्या माणसांनी ठरवलेलं असतं, ती जागा. पाहुणे, विक्रेते आणि व्याही हा नियम कमी-अधिक पाळतात. पक्ष्यांना तो कोणी कळवलेला नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

मी आमच्या इमारतीच्या समितीचा चिटणीस आहे. गेल्या महिन्यात माझ्या समोरच्या घरात जो प्रकार घडला, त्याचं इतिवृत्त मीच लिहिलं. ते अध्यक्षांच्या सहीनिशी दप्तरी आहे. परंतु इतिवृत्तात माणसं नीट मावत नाहीत, म्हणून इथं पुन्हा सांगतो.

समोर तिघं राहतात. विमा कंपनीत नोकरी करणारे गृहस्थ (इमारतीत त्यांना विमासाहेब म्हणतात, आणि ते जिन्यात दिसले की लोक चप्पल विसरल्यासारखं करून परत घरात जातात), त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आणि मागच्या खोलीत त्यांची आत्या. आत्या एकोणचाळीस वर्षं नर्स होत्या. आता गुडघे गेलेत. वॉकर धरून चार पावलं चालतात आणि बाकीचा दिवस खिडकीशी खुर्ची टाकून बसतात. खिडकीतून एक झाड, सायकल दुरुस्तीचं दुकान आणि शाळेची मागची भिंत दिसते. एवढ्यावर आत्यांचा दिवस जातो, आणि त्यामुळे घरच्यांचाही बरा जातो.

रविवारी सकाळी सव्वानऊला त्या खिडकीतून एक पक्षी आत आला. मूठभर, तपकिरी. आत्यांनी हाक मारली. विमासाहेब गालावरच्या फेसासकट धावत आले आणि प्रसंगावधान राखून त्यांनी आधी खिडकी लावून घेतली. आणखी पक्षी आत येऊ नयेत म्हणून. विम्याच्या भाषेत याला नुकसानीची व्याप्ती मर्यादित ठेवणं म्हणतात.

"अरे, खिडकी उघडी ठेव आणि तू बाहेर जा," आत्या म्हणाल्या.

"आत्या, तू बस गं. मी बघतो," असं म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी अध्यक्षांना बोलावलं.

आमचे अध्यक्ष वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. मोजल्याशिवाय एखादी गोष्ट झाली, असं ते मानत नाहीत. त्यांनी दारातून पक्ष्याकडे पाहिलं. पक्ष्यानं कपाटावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"आधी जात ठरू द्या," अध्यक्ष म्हणाले. "जात कळल्याशिवाय पुढची कारवाई नको."

(भाडेकरूंच्या बाबतीतही समितीचं हेच धोरण आहे, फक्त ते इतकं मोठ्यानं म्हटलं जात नाही.) आम्ही तिघांनी मिळून चार पक्षी सुचवले. त्यांपैकी एक पाण्यात राहणारा निघाला. तो माझा. शेवटी 'जात: अनिश्चित' अशी नोंद करून आम्ही कामाला लागलो.

सर्वप्रथम, सुरक्षेच्या कारणास्तव, आत्यांना खुर्चीसकट बोळात हलवण्यात आलं. जाता जाता त्या पुन्हा म्हणाल्या, "खिडकी उघडा आणि सगळे बाहेर या. गर्दीनं ते बिचारं दमतंय." ही सूचना मी 'किरकोळ' या सदरात लिहून घेतली.

त्यानंतर खोलीत जे झालं, त्याला शिस्तबद्ध प्रयत्न म्हणावं लागेल. विमासाहेबांनी झाडू फिरवला. अध्यक्षांनी ताट बडवलं. मी चादर धरून उभा राहिलो. चादर कशासाठी हे ठरलं नव्हतं, पण रिकाम्या हातांनी उभं राहणं बरं दिसेना. पक्ष्याला वाऱ्यानं ढकलावं म्हणून अध्यक्षांनी पंखा सुरू केला. वहिनींनी धावत येऊन तो बंद केला आणि अध्यक्षांकडे अशा नजरेनं पाहिलं, की ती इतिवृत्तात घेता आली नाही. मग अध्यक्षांनी मोबाइलवर घारीची आरोळी लावली. पक्षी कपाटाच्या मागे गेला, आणि बोळातून आत्यांनी विचारलं, "आता घारही आलीय का?"

पहिल्या पन्नास मिनिटांची आकडेवारी अशी: सूचना बावीस, अमलात आणलेल्या नऊ, एकमेकींना मारक नऊ. मोडतोड: भिंतीवरचं घड्याळ, एक कुंडी आणि विमासाहेबांचा चष्मा (तिन्हींचा विमा नाही).

दहा वाजून पाच मिनिटांनी ताटाचा आवाज फारच जवळून झाला. पक्षी बिथरून उजेडाकडे झेपावला. उजेड काचेपलीकडे होता. ठप्प असा एक लहानसा आवाज आला आणि पक्षी खिडकीखालच्या ट्रंकेमागे पडला.

वहिनी दारातून म्हणाल्या, "गेलं का हो ते?" वाकून बघण्याचं काम कोणाकडे, हे ठरलेलं नसल्यामुळे कोणी वाकलं नाही. विमासाहेब झाडू मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसले. फेस केव्हाच वाळून गेला होता. "मला त्याला बाहेरच सोडायचं होतं," ते म्हणाले. हे ते कोणाला सांगत होते, कोण जाणे.

"थोडा चहा घेऊ," अध्यक्ष म्हणाले. "मग पुढचं ठरवू."

आम्ही पुढच्या खोलीत चहा घेत असताना बोळातून वॉकरची ठकठक ऐकू आली. वहिनी मदतीला उठल्या. आत्यांनी त्यांना "तूही बाहेरच" असं सांगितलं आणि दार लावून घेतलं. आत काय झालं ते वहिनींना नंतर कळलं. आत्यांनी खिडकी सताड उघडली. मग ज्या गुडघ्यांवर डॉक्टरांनी वाकायला बंदी घातली आहे, त्याच गुडघ्यांवर टेकून त्यांनी ट्रंक हातभर सरकवली आणि तिथंच जमिनीवर बसून राहिल्या. "शुद्धीवर येईतो उगाच हात लावायचा नसतो," त्या वहिनींना म्हणाल्या, "नुसतं सोबत बसायचं."

वीस मिनिटांनी दार उघडलं. घामानं निथळत आत्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"गेला," त्या म्हणाल्या.

"कोणत्या पद्धतीनं?" अध्यक्षांनी विचारलं.

"उडून."

इतिवृत्तात मी लिहिलं: 'समितीनं योग्य वेळी घेतलेल्या चहापानाच्या निर्णयामुळे पक्षी सुखरूप बाहेर पडला.' यावर कोणाची हरकत आली नाही. मात्र असा प्रसंग पुन्हा उद्भवू नये, म्हणून त्या खिडकीला कायमची जाळी बसवावी, असा ठरावही त्याच बैठकीत झाला. सूचक विमासाहेब, अनुमोदक मी. विमासाहेबांच्या मनात काळजीशिवाय दुसरं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

मंगळवारी जाळीवाला आला. खिडकीचं माप घेऊन झाल्यावर त्यानं आत्यांना विचारलं, "आजी, उघडझाप होणारी बसवू, की पक्की?" संपूर्ण प्रकरणात आत्यांना विचारण्यात आलेला हा पहिला प्रश्न. त्यांनी तोंड उघडलं तोवर विमासाहेब म्हणाले, "पक्की. तीच टिकते."

जाळी उत्तम आहे. वीण इतकी बारीक, की पक्षीच काय, झाडही आत येत नाही. हिरवट धुकं तेवढं दिसतं. सायकलचं दुकान अंदाजानं ओळखावं लागतं. पुढच्याच आठवड्यात खुर्चीचं तोंड टीव्हीकडे फिरवण्यात आलं. आत्या काही म्हणाल्या नाहीत, आणि समितीच्या नियमांनुसार मौन म्हणजे एकमत. तेव्हापासून त्या घरात शून्य पक्षी आले. यश शंभर टक्के.

हे वाचून तुम्ही हसला असाल, आणि आपण असतो तर पहिल्याच वाक्याला त्या बाईंचं ऐकलं असतं, असं तुमच्या मनात आलं असेल. अध्यक्षही मला खासगीत हेच सांगून गेले. तेव्हा आता एक औपचारिकता उरते. तुमच्याही घरात मागची खोली असेल, आणि तिच्यात कोणीतरी असेल. त्या माणसाला तुम्ही आज काय काय विचारलंत, ते आठवून सांगा. 'जेवलात का' आणि 'गोळी घेतली का' हे दोन वगळून. उत्तरासाठी मी एक ओळ मोकळी सोडली आहे. माझ्या अनुभवात तेवढी पुरते.