पडद्यांना वशिला

बायकोच्या वेबसाइटला आपण जरा हातभार लावावा, असं सल्लागारांनी एका रविवारी चहा पिता पिता ठरवलं आणि घराची झोप उडाली. सल्लागार हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपट्टीच्या ऑफिसात ते हेडक्लार्क. पण न विचारता सल्ला द्यायची खोड अशी, की शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना याच नावानं ओळखत. (त्यांना तो बहुमान वाटायचा. कोण समजावणार!)

बायको मागच्या खोलीत पडदे शिवायची. शिवण अशी सरळ, की बघत राहावं. भाचीनं मावशीला एक वेबसाइट करून दिली होती, आणि पडदे शिवणारं कुणी इंटरनेटवर शोधलं की ती वरून तिसरी यायची. कामं येत होती. दुसरं मशीन घ्यावं, शेजारच्या वहिनींना मदतीला घ्यावं, असं बायकोच्या मनात घोळत होतं.

"तिसरी का? पहिली का नाही?" सल्लागार म्हणाले.

"अहो, चाललंय ते चालू द्या ना."

पण चालू देतील तर ते सल्लागार कसले! त्यांनी कुठंतरी वाचलं, की जितक्या जास्त साइट आपली लिंक देतील, तितकी आपली साइट वर चढते. त्यांनी मांडीवर थापच मारली. अरे, हा तर वशिला! बदली असो, बढती असो, वशिल्याशिवाय उभ्या जन्मात त्यांचं एक काम झालं नव्हतं. शिफारस कोण करतोय हे कोण बघतं? गठ्ठा जाड दिसला की झालं. हजारो लिंका देऊ अशी एका कंपनीची जाहिरात होती. सल्लागारांनी घेऊन टाकल्या. बायकोला पत्ता लागू दिला नाही. पहिला नंबर आला की तिला चकित करणार होते.

चकित झाली खरी. थोड्याच दिवसांत फोन आटले. जे आले, त्यातल्या एकानं विचारलं, "बाई, टकलावर केस कधीपर्यंत उगवतील?" दुसऱ्याला पत्त्यांच्या डावात बसायचं होतं, पडदे नको होते.

मशीन गप्प झालं. बायको जुने पडदे काढून शिवण उलटसुलट तपासत बसली. "माझाच हात बिघडला वाटतं," ती म्हणाली. "वहिनींना नाही म्हणून सांगून टाकते." सल्लागार ऐकत होते. आजवर या बाईनं स्वतःच्या हातावर कधी शंका घेतली नव्हती. सल्लागारांना मनापासून लाज वाटली.

त्यांनी गुपचूप भाचीला बोलावलं. तिनं साइट तपासली आणि कपाळाला हात लावला.

"काका, मावशीची शिफारस कुणाकुणाकडून आणलीत? जुगाराचे अड्डे, केस उगवायची तेलं, आठवड्यात बारीक करणारे!"

"शिफारस ती शिफारस. गठ्ठा बघ केवढा आहे."

"समजा तुम्ही खोली भाड्यानं द्यायला काढलीत, आणि भाडेकरूची तारीफ करायला गावातले सगळे खिसेकापू रांगेनं आले. द्याल खोली?"

सल्लागार विचारात पडले. (त्यात साहेबांचा माणूस असेल तर द्यावी लागेल, असं त्यांना वाटलं.)

"सर्च इंजिनला तसाच संशय आला आणि मावशी फेकली गेली मागं," भाची म्हणाली. "आता त्या साइटना लिंक काढा म्हणून सांगायचं. जे ऐकणार नाहीत त्यांची नावं सर्च इंजिनला कळवायची, की बाबा, यांचा आमचा संबंध नाही. मी करते."

"तू कशाला? पत्रव्यवहार म्हणजे माझ्या हातचा मळ!"

आणि इथंच त्यांनी पुन्हा माती खाल्ली. शंका आली की सरसकट नामंजूर, हा ऑफिसचा खाक्या त्यांच्या रक्तात भिनलेला. खिसेकापूंबरोबर त्यांनी आपणहून लिंक देणाऱ्या भल्या माणसांनाही हाकललं. जिच्या रंगमंचाचा पडदा बायकोनं शिवला होता ती शाळा, बायकोच्या कामाचं कौतुक लिहिणारा दवाखाना, सगळ्यांशी संबंध तोडून मोकळे! साइट आता दिवा घेऊन शोधली तरी सापडेना.

"काका, शाळासुद्धा?" भाची ओरडली, तशी बायको मागच्या खोलीतून आली आणि सगळं भांडं फुटलं.

बायको आधी रागावली नाही. "म्हणजे माझा हात नाही बिघडला?" तिनं विचारलं.

"नाही गं," सल्लागार पुटपुटले. "मीच शहाणपणा केला."

तिनं सुटकेचा निःश्वास सोडला, आणि मग रागावली. (काय काय म्हणाली ते इथं नको.)

भाचीनं चांगल्या लोकांची नावं त्या यादीतून सोडवली. बायकोनं साइटवर स्वतः एक ओळ घातली : 'या कामाशी आमच्या यजमानांचा काहीही संबंध नाही.'

त्या ओळीनं कमाल केली. एका सायकल दुरुस्त करणाऱ्या बाईनं ती आपल्या साइटवर दिली, खाली लिंक. मग एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी, 'आमच्याकडेही हेच!' असं लिहून. मग आणखी कुणी कुणी. कुणाला सांगावं लागलं नाही, सगळी खरीखुरी माणसं. साइट हळूहळू वर सरकत पहिली आली. शेजारच्या वहिनी दुसऱ्या मशीनवर बसल्या.

सल्लागारांची छाती फुगली. "शेवटी वशिला कुणाचा लागला?" ते म्हणतच होते, तोच फोन वाजला. दोघींचे हात कापडात गुंतलेले, म्हणून त्यांनीच तो ऐटीत उचलला.

"पडदे शिवून मिळतात ना?" पलीकडून एका बाईंचा आवाज आला.

"हो, हो, बोला! मी यजमान."

"अगंबाई! मग तुम्ही नका बोलू," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "तुमचा काही संबंध नाही, म्हणून तर फोन केला!"