भुताले काम पाह्यजे

आमच्या कॉलेजच्या झूलॉजीच्या प्रयोगशाळेत माणसाचा एक सांगाडा होता, आणि एप्रिल लागला की मोतीरामजी धकाते त्याच्या डोक्याला ओला पंचा गुंडाळत असत. नागपूरचा उन्हाळा काय चीज आहे ते नागपूरकरांना सांगायला नको आणि बाहेरच्यांना सांगून पटत नाही. घराबाहेर पडायचं तर डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा, हा आमच्याकडचा रिवाज. सांगाड्याला खिसा नसतो, म्हणून मोतीरामजींनी त्याचा कांदा बरगडीत ठेवला होता. डाव्या बाजूला, वरून तिसरीत.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरगावचे एक परीक्षक आले. त्यांनी छडी त्या कांद्यावर ठेवली आणि मला विचारलं, "हे काय आहे?" मी म्हणालो, "हृदय, सर." त्या वर्षी माझं काय झालं ते इथं सांगण्याची गरज नाही.

नंतर मी तणतणत मोतीरामजींकडे गेलो. ते त्या प्रयोगशाळेचे अटेंडंट. बुटके, टोपी घट्ट बसवलेली, खांद्यावर बाटल्या पुसायचं फडकं. सगळं कॉलेज त्यांना काकाजी म्हणे.

"काकाजी, सांगाड्याला कसली आली लू?"

"काहून? हाडाले ऊन लागत नाई का गा? तडकते ना. तार ढिली होते, मंग जबडा पडते. तुह्या परीक्षेत जबडा पडला असता तं तू काय सांगतलं असतं?"

'काहून' हा त्यांचा लाडका शब्द. प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, "मोतीराम, बेडूक आणा," तर काकाजी आधी "काहून?" विचारत आणि उत्तर पटलं तरच बेडूक येई.

अशा माणसाकडे आम्ही भुताच्या सिनेमाचं सामान मागायला गेलो, हाच आमचा मूर्खपणा.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. माझा मित्र प्रदीप याच्या मामानं परदेशातून येताना आठ मिलिमीटरचा एक कॅमेरा आणला होता आणि सोबत पडद्यावर दाखवायचं यंत्र. रीळ मात्र एकच, तेही तीन मिनिटांचं. तीन मिनिटांत सिनेमा बसेना, तेव्हा प्रदीपनं जाहीर केलं की आपण स्नेहसंमेलनात ट्रेलर दाखवू. नाव ठरलं 'काळ्या विहिरीची किंकाळी'. प्रदीप दिग्दर्शक, आमच्या वर्गातली मंगला भूत, आणि मी कथालेखक. आवाज रिळात येत नसल्यामुळे माइकवर गरजण्याचं कामही माझ्याचकडे.

सामानाची यादी घेऊन आम्ही तिघं प्रयोगशाळेत गेलो. काकाजींनी ती परीक्षेचा पेपर वाचावा तशी वाचली.

"पिक्चर कुठं हाय?"

"पिक्चर नाही काकाजी, फक्त ट्रेलर."

"काहून? लग्न नाई अन् पत्रिका वाटून राहिले?" मग बोट पहिल्या ओळीवर. "कवटी. कवटी देतो. दात एकोणतीस हायेत, मोजून नेजा, मोजून आणजा. घुबड हाय पेंढ्याचं, डोये काचेचे. सांगाडा नाई भेटत."

"सांगाडाच तर मेन आहे," प्रदीप कळवळला.

"ते शिकवाले आलं हाय, भेव दाखवाले नाई."

त्यापुढं प्रदीपची मात्रा चालली नाही. रक्त म्हणून आम्ही गांधीबागेतून रंग आणला होता. काकाजींनी बाटली उजेडात धरली. तीस वर्षं बेडूक आणि उंदीर हाताळलेला माणूस तो. "हे रगत नोहे, हे शरबत व्हय," असं म्हणून त्यांनी स्वतःच त्यात काथ कालवला. मग कंदिलाची पाळी आली.

"भुताले अंधारात दिसत नाई का?"

"दिसतं. पण बघणाऱ्यांना दिसायला नको का?"

"म्हंजे ते तुमच्यासाठी उजेड घेऊन येते. चांगली बाई हाय मंग. तिले काहून भेता?"

मंगला फिदीफिदी हसायला लागली. मला राग आला, कारण कथा माझी होती. मी टेबलावर हात आपटून ती सांगितली. जमीनदार सुनेला विहिरीत ढकलतो, ती भूत होते, आणि पुढं कॉलेजच्या पोरांच्या मागं लागते.

"तुमच्या मागं काहून? ढकललं जमीनदारानं. त्याच्या घरी जावं ना बाप्पा तिनं." काकाजींनी फडकं झटकलं. "अन् तुमचं भूत करते काय?"

"घाबरवतं."

"ते झालं दोन मिन्टाचं काम. बाकी दिवसभर?"

दिवसभर भूत काय करतं, हा विचार मी तर सोडाच, कुणीच केला नसेल.

"भुताले काम पाह्यजे," काकाजी म्हणाले. "काम अर्धं राह्यलं म्हून ते येते. मी मेलो तं काय करीन? इथंच येईन, बाटल्या पुसाले. तुम्ही पोट्टे धड पुसत नाई."

"म्हणजे तुमचा भुतांवर विश्वास आहे?" मंगलानं विचारलं.

"काही नाई वं. भूत-गीत काही नसते. मले पक्कं माहीत हाय."

कसं काय पक्कं माहीत, ते आम्ही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून गोष्ट काकाजींच्या ताब्यात गेली. ते कोष्टी घरातले. आज्या-पणज्यापासून घरी हातमाग. पुरुष मागावर विणत, नोकरी लागल्यावर काकाजीही कॉलेज सुटलं की विणायला बसत, आणि घरातल्या बाया चरख्यावर सूत गुंडाळून कांड्या भरत. कांडी म्हणजे धोट्याच्या पोटात बसते ती सुताची गुंडाळी. धोटा मागावर या टोकापासून त्या टोकाला पळतो आणि कांडी उलगडत जाते. काकाजी हे समजावता समजावता मध्येच थांबून म्हणाले, "खोलीत कोणीच नाई. माग हाय, धोटा हाय. अन् कांडी आपोआप फिरून राहिली. रिकामी होऊन राहिली. बस."

प्रदीपच्या अंगावर काटा आला. त्यानं मला बाही वर करून दाखवला. माझ्या अंगावरही आला होता, पण मी दाखवला नाही. "तुमच्याकडे माग आहे?" प्रदीपनं विचारलं.

"हाय. बंद हाय. पावरलूमपुढं कोणाचं चालते?"

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही इतवारीपलीकडच्या त्यांच्या घरी गेलो. विहीर, कवटी, घुबड आणि मंगलाचा कंदील यांत अडीच मिनिटं आधीच खर्ची पडली होती. उरलं होतं अर्ध्या मिनिटाचं रीळ. दोन खोल्यांचं घर, आणि बाहेरच्या खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेला माग. काकाजींनी त्याच्यावरचं धडपं काढलं. आठ वर्षं बंद असलेला माग, पण लाकडाला तेल आणि धुळीचा कण नाही. मागावर अर्धं लुगडं तसंच होतं, हिरवं, तांबड्या काठाचं.

खिडकीला आम्ही सतरंजी लावली. युक्ती अशी, की धोटा मागावर ठेवायचा आणि सुताचं टोक खाली खड्ड्यात सोडायचं. खड्ड्यात दडून मी ते ओढायचं, म्हणजे वर कांडी आपोआप फिरल्यासारखी दिसेल. मी लेखक असूनही खड्ड्यात मीच.

काकाजींनी स्वतः चरख्यावर कांडी भरली. मी ओढली तर सूत दोन वेढे सुटलं आणि अडकलं. दुसरी भरली, ती थरच्या थर घसरली. तिसरीनं गाठच मारली. बरं, कॅमेरा सुरू नव्हता, नुसती तालीम चालली होती.

"माह्या हातानं होत नाई," काकाजी म्हणाले. "मी विणणारा. भरणारी वेगळी होती."

प्रदीप म्हणाला, "जाऊ द्या काकाजी. त्यापेक्षा मंगलाची किंकाळी घेऊन टाकू."

खरं तर विषय तिथंच संपला होता. कुणी त्यांना काही मागितलं नव्हतं. पण काकाजी चरख्याजवळ बसून राहिले. त्या ढिल्या कांडीकडं पाहून म्हणाले, "असं भूत दाखवलं तं लोक हासन. अर्ध्या कामासाठी आलेली बाई, तिचा हात असा राहीन का?"

ते आत गेले. देवाच्या फळीवरून बिस्किटांचा जुना डबा आणला. त्यात मलमलीच्या फडक्यात हिरव्या सुताच्या कांड्या होत्या. घट्ट, एकसारख्या, बोटानं दाबल्या तरी न दबणाऱ्या.

"सात हाय," काकाजी म्हणाले. "आमच्या घरचीनं सकाळी भरून ठेवल्या. दुपारी तिले दवाखान्यात नेलं. या सात लावल्या असत्या तं लुगडं निघालं असतं." त्यांनी एक उचलली. "लुगडं निघालं असतं तं मंग काय उरलं असतं?"

पावरलूमची गोष्ट ते सगळ्या गावाला सांगत. माग त्यामुळं बंद पडलाच नव्हता.

मंगलानं हळूच विचारलं, "नाव काय होतं काकींचं?"

"सरस्वती," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोचं नाव घेतल्यासारखे लाजले. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता भूत येते. आठ वर्सं झाले, मी दार नुसतं लोटून झोपतो. असतं तं आलं नसतं का वं? म्हून सांगतो, नसते."

मी खड्ड्यातून डोकं वर काढून म्हणालो, "काकाजी, ती ठेवून द्या. मला नाही ओढायची." मला खरंच नको होतं.

"वढ गा," काकाजी म्हणाले. "झटका नको देऊ. सरका सरका वढ."

कॅमेरा खरखरू लागला आणि मी ओढलं. सूत असं आलं की हाताला कळत नव्हतं. कुठं अडकलं नाही, कुठं सुटलं नाही. माझ्या मांडीवर हिरवा गुंता साठत गेला आणि वर खटकन आवाज झाला तेव्हा कळलं, की कांडी रिकामी झाली. खड्ड्यातून बाहेर आल्यावर काकाजींनी तो गुंता माझ्या हातातून घेतला, जरा उलगडून पाहिला आणि खिशात ठेवला. "हे आता परत भरल्या जात नाई," ते म्हणाले, आणि आमच्यासाठी चहा टाकायला गेले.

रीळ मुंबईला धुवायला गेलं आणि स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी पत्र्याच्या चपट्या डब्यातून परत आलं. फिजिक्सच्या हॉलमध्ये भर दुपारी पडदे ओढून आम्ही ते दाखवलं. मी माइकवर गरजलो. विहिरीला पोरं हसली, घुबडाला शिट्ट्या मिळाल्या, मंगलाच्या कंदिलाला "वन्स मोअर" मिळाला. मग तो रिकामा माग आला आणि ती एकटीच फिरणारी कांडी. पुढच्या रांगेतली एक पोरगी मैत्रिणीच्या कुशीत शिरली. काकाजी दाराशी उभे होते, टोपी हातात घेऊन.

कांडी संपली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या आनंदात प्रदीपनं यंत्र बंद करायचं सोडून भलताच खटका ओढला. रीळ उलटं सुरू झालं.

पडद्यावर रिकामी कांडी फिरायला लागली. पण आता सूत खालून वर येत होतं. एक वेढा, मग दुसरा, मग थरावर थर. माझ्याकडे माइक होता, पण या प्रकारासाठी मी काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी तो खाली ठेवला. बघता बघता कांडी भरली, जशी डब्यातून निघाली होती तशीच, घट्ट.

"बंद कर," दाराशी काकाजी म्हणाले. "आता बंद कर गा. भरली."

प्रदीपनं बंद केलं. पोरांना वाटलं संपलं, ती पुन्हा टाळ्या वाजवू लागली. काकाजी गर्दीतून वाट काढत यंत्रापाशी आले. डोळे पुसायला त्यांनी खांद्यावरचं बाटल्यांचं फडकं घेतलं होतं.

"हे उलटं बी चालते?"

"चालतं, काकाजी."

"मंग आधी काहून नाई सांगतलं? उगाच जीव खाल्ला माहा."

पुढं कितीतरी रविवार ते प्रदीपच्या घरी जात. विहीर नको, घुबड नको. रीळ शेवटाला नेऊन फक्त तेवढंच उलटं पाहायचं आणि कांडी भरली की "बस" म्हणायचं. प्रदीपची आई त्यांना तेवढ्या वेळात चहा देई.

बऱ्याच वर्षांनी मी सुट्टीत त्यांच्या घरी गेलो. नोकरीतून निवृत्त झाले होते. सांगाड्याला नवीन अटेंडंट कांदा ठेवत नाही, याची त्यांनी मला सविस्तर तक्रार सांगितली. माग तसाच पुसलेला. फळीवर डबाही तसाच. मी सहज म्हणालो, "सहा राहिल्या ना काकाजी?"

"काहून? सात हाय," ते म्हणाले. "सहा इथं. एक प्रदीपच्या डब्यात हाय."