आगवाले तांडेलभाऊ

तांडेलभाऊ कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी विचारायचे, "आग लागली तर पळायचं कुठून?" यजमान गडबडायचा. सगळ्या खोल्या, दारं, खिडक्या बघून झाल्या की मगच ते टेकायचे. "पयला रस्ता, मग च्या," असं त्यांचं म्हणणं.

माणूस दापोलीकडचा. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा ते कतारमध्ये, दोहात एका कंपनीच्या आगीच्या बंबावर होते. आता ज्याला ओल्ड एअरपोर्ट म्हणतात तिथल्या आमच्या इमारतीत, खालच्या खोलीत इतर गाववाल्यांबरोबर राहायचे. बायको गावी. आमच्याकडे गणपतीच्या आरतीला सगळे टाळ्या वाजवत, तेव्हा हे मखराशेजारी वाळूची बादली धरून उभे असत. बायका पदराआड हसत. त्यांना त्याचं काही नसे.

एका दुपारी माझ्या गॅसची नळी पेटली. नवरा ऑफिसात, मुलगी शाळेत. मी जिन्यात धावले. रात्रपाळी करून झोपलेले तांडेलभाऊ धुराच्या वासानं जागे होऊन लुंगीवरच वर आले. आत कुणी आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. पलंगावरची चादर पाण्याच्या बादलीत बुचकळून त्यांनी अंगावर घेतली आणि धुराच्या खालून, जवळजवळ रांगत, स्वयंपाकघरात शिरले. खोकत बाहेर आले तेव्हा सिलिंडर बंद झाला होता. "खलास," म्हणाले. त्यांची एक भुवई जळाली होती. ती उगवेपर्यंत त्यांचा चेहरा कसलं तरी नवल वाटल्यासारखा दिसायचा.

नळी बदलली, भिंत रंगवली. माझा हात मात्र काडेपेटीकडे जाईना. घरात पावावर दिवस निघू लागले. हे त्यांच्या कानावर गेलं. ड्युटीवर जायच्या आधी ते आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मला वाटलं, तेच गॅस पेटवून देतील. त्यांनी काडेपेटी माझ्या हातात दिली.

"काडी तुमीच वडायची, वहिनी. मी हितं हाय."

माझ्या हातून काड्या मोडत होत्या. ते घाई न करता हर्णैच्या बाजारातल्या मासळीबद्दल बोलत राहिले. शेवटी बर्नर पेटला आणि मला रडू आलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, चहात साखर जरा जास्त घाला.

मग ते रोज येऊ लागले. मी गॅस पेटवायची, ते चहा पिऊन कामावर जायचे. एक दिवस ते यायच्या आतच मी चहा करून ठेवला. मोठ्या अभिमानानं कप पुढे केला. त्यांनी शाबासकी दिली, पण कप हातात तसाच धरून बसले.

"आता माजं काम झालं," ते म्हणाले. मग शेगडीकडे बघत, "घरातली चूल पेटताना बघायला मिळत व्हती, वहिनी. गावाला दोन वर्षांनी एकदा बघतो."

उद्याही या, असं मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी चहाचं आधण गॅसवर ठेवलं, आणि काडी न ओढता त्यांची वाट बघत बसले.