बोटीवरच्या पंगतीचा तौलनिक अहवाल

माणसाची योग्यता तो काय खातो यावरून ठरत नाही. तो कुठे जाऊन जेवला आणि परत आल्यावर ते किती जणांना सांगितले, यावरून ठरते. हे तत्त्व सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना जितके लवकर उमगले, तितके समुद्रकिनारा असलेल्या जिल्ह्यांनाही उमगलेले नाही. आपल्याकडे समुद्र नाही. माण तालुक्यात तर प्यायचे पाणीसुद्धा कित्येकदा टँकरने येते. तरीही गेल्या काही वर्षांत क्रूझवर जाऊन आलेल्यांची संख्या इतकी वाढली आहे, की न गेलेल्या माणसाला लग्नकार्यात बोलायला विषय उरत नाही. तो बिचारा मुकाट्याने जेवतो आणि घरी जातो.

पूर्वी बोटीवरून आलेला माणूस समुद्राविषयी बोलत असे. ती मागास अवस्था आता संपली. समुद्र सगळ्यांना सारखाच दिसतो, त्यात मोठेपणा कसला? आता एकच प्रश्न विचारतात, "जेवायला काय काय हुतं?" याचे उत्तर आकड्यांत द्यायचे असते. नाश्त्याला पाव किती प्रकारचे, दुपारी कोशिंबिरी किती, रात्री गोड किती, आणि चॉकलेटचे कारंजे होते की नव्हते. (चव कशी होती, हे विचारणे असभ्यपणाचे समजले जाते.)

हा विषय किती गंभीर आहे पाहा. त्यापायी एक ठरत आलेले लग्न अडले, आणि ते सोडवण्यासाठी माझी एकसदस्य समिती नेमावी लागली. मी शरच्चंद्र, साताऱ्याचा, पुरवठा खात्यातून निवृत्त. धान्य न चाखता त्याच्या प्रतीवर शेरा मारण्यात माझी सगळी नोकरी गेली. शिवाय दोन्ही पक्षांना मी सारखाच परका, म्हणून निःपक्ष. (हे लिहीत असता पत्नी प्रमोदिनी यांनी चहा आणून ठेवला. चहा समाधानकारक होता.)

प्रकरण असे. वर साईराज, कोरेगावच्या लालासाहेबांचा मुलगा. वधू संयोगिता, कडेगावच्या बाळासोंची मुलगी. दोन्ही घरी ऊस, दोन्ही घरी फौजेत गेलेले चुलते, पत्रिका जुळलेली. आणि मुख्य म्हणजे मुले कऱ्हाडला एकाच कॉलेजात शिकलेली, त्यामुळे त्यांची मने पत्रिकेच्या बऱ्याच आधी जुळलेली. (ही बाब बैठकीत कुणालाच माहीत नसल्याचे सर्वानुमते मान्य करण्यात आले.) कडेगावला सुपारी फोडायची बैठक बसली. भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी अडकित्त्यात सुपारी धरली. तेवढ्यात लालासाहेब सहज म्हणाले, "आमी त्या सिल्व्हर हेरॉनवर गेल्तो बगा. सकाळच्याला अकरा परकारचं पाव!"

"अकराच?" बाळासो म्हणाले.

बाळासो नीलमोती नावाच्या बोटीवर जाऊन आले होते. तिथे चौदा होते. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, आकडा खरा होता. पण त्या एका च-ने बैठकीचे वारे पडले. वडीलधाऱ्यांचा अडकित्ता उघडाच राहिला. लालासाहेबांनी टोपी सारखी केली, दुसरा चहा नको म्हणाले आणि उठले. पुढे दोन्हीकडच्या शहाण्या माणसांनी मिळून ठरवले, की कोणत्या बोटीचे जेवण श्रेष्ठ याचा निकाल आधी लावावा, सुपारी मग फोडावी. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न होता. घाई करून कसे चालेल?

समितीने प्रथम वधूचे म्हणणे ऐकून घेतले. तिला पुण्यात नोकरी लागली होती. साईराजचीही तिथेच आहे. ती म्हणाली, "साईराज मला पसंत हाय काका. लगीन त्याच्याशीच करायचंय. पण बोटीचं ऱ्हाऊ द्या. त्यांच्या घरात जेवायची येळ कशी असती, तेवढं बघून या. मला तेवढंच कळायला पायजे." समितीने तिला प्रेमाने समजावले, की ही बाब जमिनीवरची असल्याने समितीच्या कार्यकक्षेत येत नाही.

त्यानंतर गुणपद्धती निश्चित केली. शंभरपैकी मानाला पंचेचाळीस, आग्रहाला चाळीस, फोटोत ताट कसे दिसते याला दहा आणि चवीला पाच. चवीचे पाचही मी प्रथम ठेवणार नव्हतो, पण बेरीज जुळेना.

साक्षी सुरू झाल्या. लालासाहेबांना मी विचारले, त्या अकरा पावांपैकी उत्तम कोणता? ते म्हणाले, "ते आमच्या मंडळींना इचारा. त्यांनी आणलं."

चौकशीअंती निष्पन्न झाले ते असे. पहिल्या दिवशी लालासाहेब बोटीच्या भोजनगृहात जाऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि पान वाढल्याचे बोलावणे येण्याची वाट पाहू लागले. चहूबाजूंनी लोक ताटे भरभरून नेत होते. हे पाहून लालासाहेबांना त्या लोकांची कीव आली. कुणी विचारीना म्हणून स्वतःच उठून घेतात, म्हणजे घरी काय संस्कार असतील? लालासाहेबांनी जन्मात स्वतःचे ताट स्वतः घेतलेले नाही. लग्नाआधी आईने वाढले, फौजेतल्या चुलत्याकडे राहिले तेव्हा चुलतीने. ते बसून राहिले. मग त्यांच्या पत्नी मनुबाई उठल्या आणि सफर संपेपर्यंत उठतच राहिल्या. पाव आणले, ते गार म्हणून परत नेले, चटणी दिसेना म्हणून शोधायला गेल्या, पाणी आणले. सिल्व्हर हेरॉनचे जेवण कसे होते, असे विचारल्यावर मनुबाई म्हणाल्या, "बोट लय लांब हाय बगा. मी सगळी चालले." जेवणाविषयी त्यांना अधिक सांगता आले नाही, म्हणून साक्ष अपुरी ठरली.

बाळासोंची तऱ्हा निराळी. ते रांगेत उभे राहत. हातात ताटही घेत. पण मागे माणूस आला की वळून म्हणत, "तुमी व्हा फुडं, आमची काय घाई न्हाई." कडेगावच्या कार्यात घरच्या कर्त्याने असेच करायचे असते, आणि बाळासो जिथे जातील तिथे कर्तेच असतात. नीलमोतीवर माणसे पुष्कळ होती. सगळी पुढे झाली. काउंटर बंद व्हायच्या वेळी बाळासो पोहोचत आणि तिथल्या पोऱ्याला म्हणत, "असू दे, पोट भरलंय." चौदा प्रकारचे पाव त्यांनी रांगेत उभे राहून मोजले होते. रात्री खोलीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात. त्यांच्या पत्नी सुलाबाई मात्र प्रसन्न दिसल्या. "ह्यांनी रांगंत मान मिळवला, मी तवर जेवून घेतलं. चार दिस गरम खाल्लं. कुणी मधनं उठवलं न्हाई." मग त्यांनी एकेका पदार्थाचे असे वर्णन केले की समितीच्या तोंडाला पाणी सुटले. परंतु रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचे जेवणाविषयीचे मत हितसंबंधी समजावे लागते. साक्ष फेटाळली. (प्रमोदिनी यांनी पोहे आणले. लिंबू विसरल्या होत्या, ते आणायला परत गेल्या.)

दोन्ही बोटींना मान व आग्रह या सदरांत शून्य मिळाले. हे कठोर वाटेल, पण वाढपी कसे वागतात पाहा. हसतात आणि निघून जातात. त्या एवढ्या माणसांत एकाने तरी म्हणावे, आवं आजून एक घ्या, तुमाला माझ्या गळ्याची आण! एकानेही म्हटले नाही. अन्न भरपूर आणि माया कवडीची नाही, त्याला जेवण म्हणत नाहीत. फोटो आणि चव या सदरांत ग्राह्य साक्षच नव्हती, म्हणून गुण समसमान पडले. मग निर्णायक कसोटीसाठी दोन्ही कुटुंबांनी समितीसह तिसऱ्याच बोटीवर जावे आणि निकाल लागताच तिथेच सुपारी फोडावी, असे ठरले. बोटीचे नाव मरीन डचेस.

(समितीसोबत प्रमोदिनीही आल्या. समितीच्या गोळ्या वेळेवर देण्यासाठी कुणीतरी लागतेच.)

बंदरावरच्या तपासणीत अडकित्ता हत्यार म्हणून जप्त झाला. यावर दोन्ही घरांनी प्रथमच एकमुखाने संताप व्यक्त केला, त्यामुळे वातावरण सुधारले. पण पहिल्याच जेवणाला मूलभूत पेच उभा राहिला. बोट यांचीही नाही आणि त्यांचीही नाही. मग यजमान कोण, आणि आग्रह कुणी कुणाला करायचा? दोघे व्याही ताटांच्या ढिगापाशी उभे राहिले.

"घ्या पाव्हणं."

"छ्या छ्या. आवं, आधी तुमी."

"आसं कसं? तुमी मुलाकडचं."

"मुलाकडचं आसलो तर काय झालं? वयानं तुमी थोरलं."

त्यांच्या मागे एक परदेशी जोडपे येऊन उभे राहिले. ही रांग आहे असे समजून आणखी माणसे लागली. मागच्यांना वाटले, पुढे काहीतरी खास वाढत असणार. दुसऱ्या दिवशी रांग जलतरण तलावापर्यंत गेली आणि बोटीच्या कर्मचाऱ्यांनी दुसरीकडे नवे काउंटर उघडले. दोघे व्याही शेवटी ताट न उचलताच वळले, पण एकमेकांच्या दिलदारपणाने भारावून वळले. अशा उपाशी अवस्थेतच त्यांची मने जुळली. आपल्या तोडीचा माणूस भेटला, असे लालासाहेब मला डोळ्यांत पाणी आणून म्हणाले. (पाणी भुकेचेही असेल.) मनुबाई आणि सुलाबाई तोवर दोघांसाठी ताटे घेऊन खोल्यांकडे गेल्या होत्या.

शेवटच्या संध्याकाळी सगळे एका गोल टेबलाभोवती बसले. मध्ये नारळ, हळद-कुंकू आणि ती सुपारी. अडकित्त्याऐवजी बोटीच्या स्वयंपाकघराने अक्रोड फोडायचा चिमटा दिला होता. मी निकाल जाहीर केला. तिन्ही बोटी नापास, दोन्ही घरे पास. टाळ्या झाल्या. लालासाहेब म्हणाले, आधी जेवू, मग फोडू. आता फक्त जेवण मध्ये होते.

काउंटर हाकेच्या अंतरावर होता. संयोगिता उठली. साईराज खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "माझं पण आण की."

"का रं? पाय दुखतोय?"

"न्हाई. आसंच."

ती गेली. स्वतःचे ताट घेऊन आली आणि जेवायला बसली. साईराज हसला. त्याला वाटले, गंमत करतेय. तो वाट बघू लागला. मुलगा गुणी आहे. कॉलेजात याच मुलीला तो तासन्‌तास गणिते समजावून द्यायचा. तो चिडला नाही, आवाज चढवला नाही. नुसता बसला. खिडकीकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून, हुबेहूब लालासाहेबांसारखा. मनुबाईंनी ते पाहिले आणि टेबलाचा आधार घेऊन गुडघे सावरत उठल्या.

संयोगिताने त्यांचा हात धरला. "आत्ती, तुमी बसा." ती उठून गेली आणि भरलेले एक ताट घेऊन आली. साईराजने समोरची जागा मोकळी केली. तिने ते ताट मनुबाईंपुढे ठेवले. "खावा. गरम हाय."

मनुबाई ताटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मुलाकडे बघितले, नवऱ्याकडे बघितले आणि खाली मान घालून पहिला घास घेतला.

"सूनबाई, आमचं?" लालासाहेबांनी विचारले. त्यांनी अगदी मायेने विचारले.

संयोगिताने सुपारी उचलली. "आत्ती, ही तुमच्याजवळ ठिवा. हा ज्या दिवशी आपलं ताट आपल्या हातानं घील, त्या दिवशी मला बोलवा. मी कुठनंबी यीन. चार वर्सं थांबलीय, आजून थांबीन. पण खुर्चीत बसलेल्या माणसासाठी जलमभर उभी ऱ्हाणार न्हाई."

साईराजने एकदा काउंटरकडे पाहिले. अंतर फार नव्हते. तो खुर्चीच्या कडेला सरकला होता, हे मी स्वतः पाहिले. पण लालासाहेब त्याच्याकडे बघत होते. तो परत मागे रेलला. थोड्या वेळाने काउंटर बंद झाला.

आता संयोगिता पुण्यात एकटी राहते. कोरेगावला साईराज सुट्टीला आला की मनुबाई ती सुपारी जेवताना त्याच्या शेजारी आणून ठेवतात. (ताट मात्र त्याच वाढतात.) तो सुपारीकडे बघतो, दोन घास कमी खातो आणि उठतो. लग्न मोडलेले नाही. फक्त एका उठण्याचे काम बाकी आहे आणि ते कुणी करायचे, यावर घरात विचारविनिमय चालू आहे.

समितीची शिफारस अशी, की प्रत्येक बोटीवर आग्रह करण्यासाठी सातारा-सांगलीकडचा एक अनुभवी माणूस नेमावा. म्हणजे असे प्रसंग टळतील. वधूचे वर्तन समितीला अतिरेकी वाटले. इतक्या क्षुल्लक गोष्टीवरून इतके मोठे घर हातचे घालवायचे? प्रमोदिनींना हा अहवाल वाचून दाखवला. त्या नेहमी छान आहे म्हणतात. या वेळी उठून बाहेर जाऊन बसल्या. चहाची वेळ टळून गेली आहे. मी दोन हाका मारल्या. बहुधा ऐकू गेल्या नसाव्यात.

तुमचा चहा मात्र आलेला दिसतो, बाजूलाच ठेवला आहे. कुणी आणला ते बघायला मान वर करू नका. मजकूर संपतच आला आहे. कप तिथेच राहू द्या, कुणीतरी उचलेल.