रणकेतूचा कौल

एक जानेवारीला सकाळी साडेसहा वाजता संदेश गोताडने रणकेतूला याच महिन्यात मारायचं नक्की केलं आणि कित्येक दिवसांनी त्याला चहा गोड लागला.

रणकेतू हा संदेशच्या कादंबरीचा नायक. सात शिखरांच्या राज्याचा हद्दपार युवराज. उडता घोडा, बोलती तलवार, सगळं व्यवस्थित. दोन भाग छापून झाले होते, पानं अकराशे चाळीस. वेळणेश्वरच्या अलीकडच्या एका वाडीत राहून, हायस्कूलमधली कारकुनी सांभाळून, रोज पहाटे पाच ते सात या वेळात संदेशने ती लिहिली होती. सुरुवातीला त्याचा रणकेतूवर फार जीव होता. पण आठ वर्षांत संदेशचे केस गेले, चष्मा आला, डावा गुडघा पायऱ्या चढताना कुरकुरू लागला. रणकेतू मात्र चोवीस वर्षांचाच राहिला. त्याला ना सर्दी, ना नोकरी. प्रत्येक लढाईआधी तो दीड पान भाषण ठोकायचा आणि त्याच्या भाषणासाठी संदेशला थंडीत उठावं लागायचं.

शिवाय करार होता. पुण्याच्या सबनीस प्रकाशकांनी आठ वर्षांपूर्वी त्यात कलम सहा घातलं होतं: नायक हयात असेपर्यंत लेखक पुढचे भाग लिहीत राहील. तेव्हा संदेशला तो स्वतःचा केवढा मान वाटला होता. आता ती जन्मठेप वाटत होती. महिनाभर हातापाया पडल्यावर सबनीस तिसऱ्या भागात नायक मारायला कसेबसे तयार झाले होते. मुदत एकतीस जानेवारी.

म्हणून संदेशने नव्या वर्षाचा बेत एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवला. जानेवारी: रणकेतूला संपवणे. फेब्रुवारी: झोप. मार्च: झोप. एप्रिल: आंबे. मे: पाहुणे, इलाज नाही. जूनपासून पुन्हा झोप.

हा कागद त्याच्या बायकोने, समीक्षाने, आधी वाचला आणि मग सासूला वाचून दाखवला. यात तिचा काही दुष्ट हेतू नव्हता. संदेशचं हस्तलिखित संगणकावर उतरवायचं काम तिचं होतं आणि उतरवलेलं प्रकरण दुपारी वाल सोलता सोलता सासूला वाचून दाखवायची रीत पडली होती. हौसाबाईंनी कागद ऐकला, वालाचं सूप बाजूला सारलं आणि त्या मुलाच्या खोलीत आल्या.

"वर्षाच्या तोंडाला कुणाला मारतोस रे? आणि ते पण घरच्या माणसाला?"

"अगो आये, तो कागदावरचा माणूस हाय."

"कागदावरचा? मग गेल्या शिमग्याला त्याला बाण लागला, तवा मी सोमवार कुणाचे धरले होते?"

संदेशला हे नवीनच होतं. त्याने चष्मा काढून पुसला. "आये, मी दमलोय गो. आठ वर्षं झाली. मला आता झोपायचंय."

"मग झोप की! त्यासाठी त्याला कशाला मारायला होवा? देवाला इचारलंस?"

देवाला विचारलं नव्हतं, आणि तीच चूक झाली. त्या वाडीत कौल घेतल्याशिवाय विहीर खणत नाहीत, सोयरीक जुळवत नाहीत. नळपाण्याची टाकी कुठे बसवायची हेसुद्धा इंजिनियरने नकाशा दाखवल्यावर पुन्हा देवाला विचारलं होतं. हौसाबाईंनी नवं लुगडं नेसलं, नारळ घेतला आणि तडक ग्रामदेवाचं देऊळ गाठलं.

दादू गुरव सत्तरीचा माणूस. त्याने देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"देवाला मोघम इचारून नाय चालत, हौसावैनी. नीट सांगा. रणकेतू कुठल्या भावकीतला?"

"आमच्याच घरातला."

"ऱ्हातो कुठं?"

"संदेशच्या खोलीत."

"लगीन झालंय?"

"ठरतंय नि मोडतंय. सुभाव चांगला हाय, पण बोलतो फार. आता संदेश त्याला संपवायला बसलाय, आपल्या हातानं."

दादू गुरवाने पन्नास वर्षांत जमिनीच्या वाटण्यांचे बरेच कौल लावले होते. तो अजिबात दचकला नाही. "भावकीत असतंच," असं म्हणून त्याने देवाला हात जोडले. "बा म्हाराजा, संदेशच्या हातनं रणकेतूला मरण हाय काय, तेवढं सांग."

डावी पाकळी अशी झटकन पडली की दादूलाही नवल वाटलं.

नेमक्या त्याच वेळी रावजी देवळात आला. रावजी बोटीवरून निवृत्त झालेला खलाशी आणि 'आपली वाडी' या व्हॉट्सअॅप ग्रुपचा प्रमुख. त्याच्या कानावर फक्त शेवट पडला. घरी पोहोचायच्या आत त्याने ग्रुपवर टाकलं: "संदेश गोताड यांच्या घरातील रणकेतू यांच्या जिवावरचे संकट टळले. देवाने कौल दिला आहे. सर्वांनी प्रार्थना चालू ठेवावी."

दुपारपर्यंत ग्रुपवर सव्वाशे जोडलेले हात जमा झाले. मुंबईच्या चाकरमान्यांनी कोणत्या वॉर्डात आहेत अशी विचारणा केली. दुसऱ्या दिवशी संदेश हायस्कूलमध्ये गेला, तर मुख्याध्यापकांनी त्याला दारातच अडवलं.

"गोताड, तुम्ही कशाला आलात? घरी एवढा आजारी माणूस! तीन दिवस घ्या. अर्ज मागाहून द्या."

खरं सांगायला संदेशने तोंड उघडलं होतं. पण सोळा वर्षांच्या नोकरीत रजा स्वतःहून चालत कधी आली नव्हती. तीन दिवस म्हणजे रणकेतूच्या मृत्यूचं अख्खं प्रकरण. त्याने तोंड मिटलं, शक्य तितका दुःखी चेहरा केला आणि घरी परत आला. दुःखी चेहरा करायला त्याला काही वेगळं करावं लागलं नाही.

घरी ओटीवर अकरा शहाळी, दोन पातेली पेज आणि रक्त द्यायला आलेली तीन माणसं बसली होती.

"रक्तगट कुठला?" त्यातल्या एकाने विचारलं.

"राजरक्त हाय त्याचं," हौसाबाई आतून म्हणाल्या.

शेवटी संदेशने दोन्ही भाग ओटीवर आणून ठेवले आणि हात जोडून सगळं खरं सांगून टाकलं. लोक चिडतील, शहाळी उचलून चालते होतील, अशी त्याची अपेक्षा होती. खरं तर तशी आशाच होती. पण कोणी हललं नाही. पहिल्या भागाच्या चित्राकडे बघत एक म्हातारा हळूच म्हणाला, "म्हणजे वाचला ना पोरगा?"

संध्याकाळी रावजीने ग्रुपवर दुरुस्ती टाकली: "रणकेतू हे पुस्तकातील आहेत. तरी कौल कायम आहे." रात्रीत त्याने पहिला भाग निम्मा वाचून काढला. सकाळी सात वाजता तो खिडकीशी हजर.

"संदेशा, तो सेनापती फितूर हाय काय रे?"

"रावजीआण्णा, मी लिहायला बसलोय."

"बस, बस. फक्त त्याला काय करू नकोस हां. देवाचं नाव गुंतलंय."

रजेचे तीनही दिवस असेच गेले. सात डोक्यांचा नाग सज्ज होता, दरी सज्ज होती, रणकेतू दरीच्या काठावर उभा होता, आणि संदेशने लेखणी उचलली की आई दारात येऊन नुसती बघत उभी राहायची. संदेशला तेच सोसवत नव्हतं. त्याचा त्या पाकळीवर विश्वास होता की नव्हता, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. पण उद्या आईचं काही दुखलं-खुपलं, तर बोट कुणाकडे जाईल हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी सबनीसांचा फोन आला. कुणा चाकरमान्याने त्यांना सगळं कळवलं होतं.

"अहो गोताड, कमाल केलीत तुम्ही! साक्षात ग्रामदेवतेनं अभय दिलेला नायक! मुखपृष्ठावरच छापू या. ते मरणबिरण विसरा आता."

"पण साहेब, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं ते कौलाच्या आधी. कलम सहा आहेच. मी चौथा, पाचवा आणि सहावा भाग जाहीर करतोय."

संदेश फोन ठेवून तसाच बाकावर बसून राहिला. सहावा भाग संपेल तेव्हा तो निवृत्त झालेला असेल, दोन्ही गुडघे गेलेले असतील, आणि रणकेतू चोवीस वर्षांचा असेल. त्याला खरोखर रडू आलं. चप्पल घालून तो दादू गुरवाकडे गेला.

"दादूकाका, पुन्हा एकदा कौल लावा."

"तोच प्रश्न वर्षात दुसऱ्यांदा लावत नाय आपल्याकडं. देव काय बहिरा हाय?"

"मग मी काय करू?"

"लिव," दादू म्हणाला. "आणि त्या घोड्याचं जरा जास्त लिव. रावजी वाचून दाखवतो, त्यातला घोडा बरा हाय."

संदेश घरी येऊन आडवा झाला. जेवणार नाही म्हणाला. समीक्षा दारात येऊन उभी राहिली. आठ वर्षांत नवऱ्याइतकीच तीही रणकेतूला कंटाळली होती. त्याची भाषणं तर तिला दोनदा सोसावी लागायची, एकदा टाइप करताना आणि एकदा मोठ्याने वाचताना.

"अहो, देवाला नेमकं काय विचारलं होतं?"

"संदेशच्या हातनं रणकेतूला मरण आहे काय."

"तुमच्या हातनं," समीक्षा म्हणाली. "माझ्या हाताचं कुणी काय विचारलंय?"

संदेश उठून बसला. घाबरत घाबरत त्याने मागोमाग दारात आलेल्या आईकडे बघितलं. हौसाबाईंनी कौलाचा शब्द न् शब्द मनात घोळवून पाहिला. कायद्यात हे बसत होतं. "सुनेच्या हातनं गेला तर देव आडवा येणार नाय," त्या शेवटी म्हणाल्या. "पण त्याचे हाल करू नकोस गो."

रविवारी दुपारची भांडी आटपून समीक्षा टेबलाशी बसली. संदेश ओटीवर येरझारा घालत होता. त्याच्या बेताप्रमाणे हे मरण चाळीस पानांचं होतं. समीक्षा तासाभरात चार पानं घेऊन बाहेर आली.

"झालं?"

"झालं."

त्याने वाचायला घेतलं. त्यात नाग नव्हता. दरी नव्हती. लढाई जिंकून रणकेतू एका खेड्यात येतो. विहिरीवर एक म्हातारी त्याला पाणी देते. तो भाषण करायला तोंड उघडतो, पण ती म्हणते, बस रे बाळा, किती दिवस नुसता चालतोयस. तो झाडाखाली टेकतो. घोडा शेजारी चरत असतो. म्हातारी दुसरा तांब्या भरून आणते तेव्हा तो गेलेला असतो.

शेवटची ओळ वाचताना संदेशला नीट दिसेना. हा मुलगा थकला असेल हे आठ वर्षांत त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्याला आपण उन्हातान्हातून अकराशे चाळीस पानं पळवलं, आणि आता तो पहिल्यांदा कुठे टेकला तर संपलाच! संदेशला बायकोचा भयंकर राग आला.

"असं कुणी मारतं? काही कारण नको? धडधाकट माणूस पाणी पिऊन मरतो?"

"तुम्हीच म्हणालात ना मारायचं."

"म्हणालो! पण असं नाही! ह्यात त्याचा काय अपराध होता?"

"मग देऊ ना सबनीसांना पाठवून?" समीक्षाने शांतपणे विचारलं. "फेब्रुवारीपासून झोपायचंय तुम्हाला."

संदेश ती चार पानं घेऊन खोलीत गेला. त्याने टेबलाशी बसून शेवटची ओळ खोडली. बराच वेळ कोऱ्या जागेकडे बघत राहिला, आणि मग लिहिलं: 'म्हातारीने त्याच्या तोंडावर पाणी मारलं. रणकेतूने डोळे उघडले.' त्यापुढे त्याने लिहिलं की रणकेतूला आता गुडघा दुखत असल्यामुळे उठायला जरा वेळ लागला. हे लिहिल्यावर त्याला फार बरं वाटलं आणि तो पुढचं लिहीत सुटला.

समीक्षाने त्याच्या पाठीमागून ती ओळ वाचली, एक उसासा टाकला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

"आई, उठला तो."

हौसाबाईंनी सुपातून डोकं वर केलं. "उठला? मग चाय ठेव गो. दमला असंल."

समीक्षाने एकच कप केला. संदेशच तो प्यायला.